परसात परड (घोणस) निघाली. पुढे काय काय करावं? (यावल तालुका)

सातपुड्याची_लेक | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला आमचं गाव. घर गावाच्या कडेला, मागे खळं आणि खळ्याला लागूनच केळी. दोन वर्षांपूर्वी धाब्याचं घर पाडून स्लॅबचं बांधलं, पण परस होता तसाच राहिला. एका अंगाला पऱ्हाट्यांचा (कापसाच्या वाळक्या काड्यांचा) ढीग, त्याला टेकून गोवऱ्यांची रास, पलीकडे म्हशीचा गोठा, कोंबड्यांचं खुराडं आणि जुन्या घराच्या सागवानी तुळया एकावर एक रचून ठेवलेल्या.

परवा दिवेलागणीला आई चुलीसाठी पऱ्हाट्या ओढायला गेली. मोळीला हात घालणार तोच खालून कुकरची वाफ सुटावी तसा आवाज यायला लागला. थांबेचना. आई तशीच मागे सरली. बॅटरी मारून बघितलं तर मनगटाएवढा जाड, तपकिरी, पाठभर साखळीसारखे डाग. शेजारचे काका म्हणाले, अजगराचं पिल्लू आहे, शेपटीला धरून नाल्यात सोडून येतो. ते वाकलेच होते, भावाने त्यांचा दंड धरून मागे ओढलं. तासाभराने सर्पमित्र आले. त्यांनी लांबूनच सांगितलं, घोणस. आमच्याकडे परड म्हणतात ती. बरणीत घालून घेऊन गेले.

तेव्हापासून घरात कुणाला झोप नाही. बाबा म्हणतात पुढच्या वेळी दिसली की ठेचायची. आजी म्हणते श्रावण तोंडावर आलाय, नागपंचमी झाली की रविवारी आमची कानबाई देवी बसेल, या दिवसांत घरात सापाला काठी लावायची नाही. कुणी फिनेल शिंपडायला सांगतं, कुणी कार्बोलिक ॲसिड. माझी मुलगी चार वर्षांची आहे, दिवसभर त्याच परसात खेळते. जोडीदार शोधत येतो म्हणतात ते खरं का? ज्यांच्यावर ही वेळ आली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

केळीमळा | सोमवार, रात्री १०.१५

ताई, आधी उंदीर बघा. खुराड्याखाली, गोवऱ्यांच्या बुडाला, धान्याच्या कोठीमागे बिळं सापडतील. आम्ही रावेरकडचे. उन्हाळ्यात पाण्यासाठी उंदीर ठिबकच्या नळ्या कुरतडतात, हे आमचं दरवर्षीचं दुखणं. केळीत बारमाही ओल आणि सावली, खाली पडलेल्या पानांचा थर, त्यात उंदीर, उंदरामागे साप. तुमचं खळं त्या बागेला चिकटून आहे. परडीला तुमच्याशी काही देणंघेणं नाही, तिला रोजचं खाणं तुमच्या पऱ्हाट्यांत मिळत होतं.

सर्पमित्र_अनेर | सोमवार, रात्री ११.०५

ताई, तुमच्या भावाने त्या काकांचा जीव वाचवला. घोणशीला अजगर समजून हात घालणं ही आपल्या भागातली फार जुनी चूक आहे. फरक लक्षात ठेवा. घोणशीच्या पाठीवर डागांच्या तीन ओळी असतात, डाग लंबगोल आणि सुटे, प्रत्येकाला काळी कड. अजगराचे डाग मोठे, वेडेवाकडे, अंग तुकतुकीत. घोणशीचे खवले खरबरीत, डोकं त्रिकोणी आणि मान बारीक. दुसरा घोटाळा डुरक्या घोणशीचा. ती बिनविषारी, आखूड शेपटीची, तिचेही डाग गडद असतात पण एकमेकांत मिसळलेले. पण हे सगळं लांबून बघायचं. नक्की ओळखता येत नसेल तर विषारीच समजून चालायचं.

एक काळजीची गोष्ट सांगतो, घाबरवण्यासाठी नाही. घोणस अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते, आणि तो काळ साधारण उन्हाळ्याच्या शेवटापासून पावसाळ्यापर्यंतचा. एका वेळी वीस-तीस, कधी त्याहूनही जास्त. पिल्लाला पहिल्या दिवसापासून विष असतं. म्हणून त्या ढिगाला आता हात लावू नका. भर दिवसा, दोन-तीन माणसांनी, पायात गमबूट घालून, लांब काठीने एकेक मोळी आधी हलवून मग उचला.

डूख, बदला, जोडीदार, हे मनातून काढून टाका. सापाला माणसाचा चेहरा लक्षात राहत नाही. त्याच जागी दुसरा साप दिसला तर कारण एकच, अडचण तीच आणि उंदीर तेच. फिनेलचा वास दोन दिवसांत उडतो. कार्बोलिक ॲसिडने साप अडत नाही, पण मुलीची कातडी भाजेल, म्हशीचं तोंड भाजेल. ते घरात आणूच नका.

अमळनेरचा_शेतकरी | मंगळवार, सकाळी ७.२०

राग मानू नका दादा, पण साप मारू नका हे सांगणं सोपं आहे. आमच्या फिडरला आठवड्याचे काही दिवस रात्रीची लाईट असते. रात्री एक वाजता उठून कापसाला पाणी भरायला जायचं, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात फावडं, पाय चिखलात. स्टार्टरच्या पेटीत हात घालायचा तर आत काय बसलंय ठाऊक नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या चुलत्याला बांधावर फुरसं चावलं. वाचले, पण महिनाभर पाय जमिनीला टेकवता आला नाही. माझ्या जागेवर उभं राहून सांगा, समोर फुरसं आलं तर मी काय करायचं?

सर्पमित्र_अनेर | मंगळवार, सकाळी ८.००

दादा, तुमचं बोलणं शंभर टक्के खरं आहे. मीही शेतकऱ्याचाच पोर. दिवसा वीज मिळाली तर खान्देशातले निम्मे दंश कमी होतील असं मला मनापासून वाटतं, पण ते आपल्या दोघांच्या हातात नाही. मारू नका म्हणतो त्याचं पहिलं कारण कायद्याचं नाही, जरी १९७२ च्या वन्यजीव कायद्याने सापाला संरक्षण आहे. कारण असं की माणूस साप मारायला किंवा पकडायला जातो तेव्हा तो सापाच्या टप्प्यात जातो. मी पाहिलेले कितीतरी दंश असेच झालेले आहेत. फुरसं वीतभर, फार तर हातभर. वेटोळं करून अंगावर अंग घासतं, करवतीसारखा करकर आवाज येतो. तो आवाज आला की चार पावलं मागे. त्याची धाव तेवढीच. त्याने वाट सोडली की तुम्ही पुढे.

पेटी उघडताना आधी काठीने ठोका, मग झाकण काठीनेच उचला. गमबूट महाग वाटतात, पण घ्या. फुरशाचा आणि परडीचा दंश बहुधा घोट्याच्या आसपास होतो.

गिरणामाय | मंगळवार, दुपारी २.३०

मी चाळीसगावकडची, वय सत्तरीच्या पुढे. नातू टाइप करून देतो आहे. पोरी, तुझ्या परसात मुंगूस येतं का? आमच्या परसात मुंगसाची जोडी आहे, तिला आम्ही कधी हुसकलं नाही. घोरपडही येते, कोंबडीची अंडी पळवते. गावातली पोरं दगड घेऊन धावतात, मी ओरडून थांबवते. घोरपड विषारी नसते, आणि तिच्या तेलाने गुडघे बरे होतात हेही खोटं. माझे अजून दुखतात, तेलवाल्याला मी दारातूनच परत लावला होता. मागच्या पावसाळ्यात माळ्यावर रात्रभर धावपळ चालायची, सून म्हणाली भूतबाधा झाली. बघितलं तर उदमांजर, दोन पिल्लांसकट. पिल्लं मोठी झाल्यावर आपणहून गेली.

खरी भीती बिबट्याची. गौताळ्याच्या डोंगराकडून खाली उतरतो, उसात आणि मक्यात बसतो. म्हणून आमच्या शेळ्या उघड्या दावणीला नसतात, वरून जाळी आणि कडी. अंधार पडला की लेकरांना परसाकडे एकटं पाठवत नाही. तूही पाठवू नको.

पुण्यात_खान्देशी | मंगळवार, सायंकाळी ६.४५

मांडुळाबद्दल विचारायचं होतं. गावी भावाच्या परसात दुतोंड्या निघाला, तर कुठून तरी दोन माणसं येऊन लाखांचे आकडे बोलायला लागली.

सर्पमित्र_अनेर | मंगळवार, सायंकाळी ७.१०

भावाला सांगा, त्या माणसांना ओट्यावर बसूसुद्धा देऊ नका. मांडुळाला तोंड एकच, शेपटी बोथट म्हणून दुसरं वाटतं. गुप्तधनाच्या नावाने चाललेला धंदा आहे, पकडला गेला की तुरुंग. वनविभागाचा १९२६ नंबर फिरवा. बिबट्या, अजगर, मांडूळ, विहिरीत पडलेलं जनावर, सगळ्याला तोच.

पांझराकाठ | मंगळवार, रात्री १०.५०

इथे परड, फुरसं, बिबट्या सगळ्यांवर बोलणं झालं. मण्यारीचं नाव कुणी घेतलं नाही. मी घेतो. हे मी आजवर कुठे लिहिलेलं नाही.

माझा धाकटा भाऊ अकरावीत होता. दिवाळी झाली होती, कापसाला भाव नव्हता म्हणून वडिलांनी सगळा माल घरातच भरून ठेवलेला. पुढची खोली छतापर्यंत कापूस, आम्ही भावंडं त्याच्या बाजूला जमिनीवर गोधडी टाकून झोपायचो. कापसाच्या ऊबेला उंदीर यायचे, रात्रभर खुडखुड चालायची, आम्हाला त्याची सवय झाली होती.

पहाटे तीनच्या सुमारास तो उठला आणि म्हणाला, माय, पोट दुखस. आईने ओवा-मीठ दिलं. संध्याकाळी शेवभाजी खाल्ली होती, तिचंच असेल म्हणून आम्ही परत झोपलो. उजाडताना त्याच्या पापण्या अर्ध्या मिटलेल्या. आई म्हणाली, झोप येते का रे. तो मानेने नाही म्हणाला. बोलायला गेला तर आवाज नाकातून येत होता. पाणी दिलं, ते गिळता येईना, ओठांतून बाहेर आलं. तेव्हा कुणीतरी म्हणालं, याला काहीतरी डसलंय. अंगभर शोधलं, कुठे सूज नाही, रक्त नाही, खूण नाही.

शेजारच्या गावच्या भगताकडे नेलं. कडुलिंबाच्या डहाळ्या, मंत्र, मिरची खायला देऊन तिखट लागतं का विचारणं. दोन तास गेले. भगत म्हणाला, उतरलं. आम्ही परत निघालो तर त्याला मान धरता येत नव्हती. मग जीप केली. धुळे आठ-दहा किलोमीटरवर राहिलं असताना त्याची छाती हलायची थांबली. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. नंतर दवाखान्यात डॉक्टरांनी कानाच्या पाळीमागे दोन बारीक ठिपके दाखवले, सुई टोचल्यासारखे.

मण्यार रात्री फिरते, उंदीर आणि दुसरे साप खायला घरात शिरते. अंथरुणात माणसाचा हात तिच्यावर पडतो. चावलेलं बहुतेकदा कळतही नाही. आमच्या घरात तेव्हापासून कुणी जमिनीवर झोपत नाही. पाहुणे आले तरी खाट, नाहीतर लोखंडी पलंग, आणि मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचलेली. लोक हसायचे. ताई, तुमची मुलगी कुठे झोपते, ते आज रात्री आधी बघा.

सातपुड्याची_लेक | मंगळवार, रात्री ११.२०

दादा, काय बोलावं सुचत नाही. ती आणि आजी खालीच झोपतात. आत्ता उठवून दोघींना पलंगावर घेतलं.

परिचारिका_धुळे | बुधवार, सकाळी ६.१०

रात्रपाळी संपवून लिहिते आहे. पांझराकाठ दादा, तुमच्या भावाची सगळी लक्षणं मण्यारीचीच. पहाटेची पोटदुखी, पडणाऱ्या पापण्या, गिळता न येणं. मण्यारीचं आणि नागाचं विष मज्जातंतूंवर जातं, श्वासाचे स्नायू थांबतात. अशा माणसाला प्रतिविष आणि व्हेंटिलेटर वेळेत मिळाला तर तो चालत घरी जातो. मी जाताना पाहिलेत. व्हेंटिलेटर नसेल तिथे आम्ही हाताने अंबू पिशवी (श्वास द्यायची रबरी पिशवी) दाबत पुढच्या दवाखान्यापर्यंत नेलेले पेशंटही वाचलेत. म्हणून खूण दिसत नाही, सूज नाही, म्हणजे काही नाही, असं कधीही समजू नका. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे अचानक पोटात कळा आल्या तर आधी पापण्या बघा.

परड आणि फुरशाचं वेगळं. तिथे रक्त गोठायचं थांबतं. आम्ही काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतो, मग तिरकी करून बघतो. पातळच राहिलं तर विष अंगात भिनलंय. लघवीतून, हिरड्यांतून रक्त येतं, परडीत मूत्रपिंडं निकामी होऊन डायलिसिसची वेळ येते. लोक ज्याला सापाची लस म्हणतात ते प्रतिविष घोड्यांपासून बनतं, आणि ते नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर एकच आहे. म्हणून साप मारून पिशवीत आणायची गरज नाही. मेलेला समजून आणलेला साप केसपेपर काढताना वळवळलेला मी पाहिला आहे. सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या लागतात, कधी जास्त, आणि लहान मुलालाही मोठ्या माणसाएवढ्याच, कारण सापाने विष वयाप्रमाणे सोडलेलं नसतं.

चावल्यावर काय करायचं तर माणसाला चालवू नका, पळवू नका. हातपाय मोडल्यावर फळी बांधतो तसा तो अवयव सैल बांधून स्थिर करा. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण लगेच काढा, सूज चढल्यावर कापावे लागतात. दोरीने करकचून आवळू नका. आवळून आणलेला काळा पडलेला पाय मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. तो पाय सापाने नाही, दोरीने गेला. ब्लेडने चिरू नका, तोंडाने चोखू नका. उलटी होत असेल तर डाव्या कुशीवर ठेवा. १०८ ला फोन करा, ती यायला उशीर असेल तर मिळेल त्या गाडीने निघा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, आज, काही झालेलं नसताना, जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन विचारून या. प्रतिविष आहे का, रात्री डॉक्टर असतात का, व्हेंटिलेटर असलेला सगळ्यात जवळचा दवाखाना कोणता. दंशानंतर तीन दवाखाने फिरून चौथ्यात आलेल्या माणसाकडे आमच्यासाठी फार थोडा वेळ उरलेला असतो. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यातली किती वाटेत गेली असतील, हा विचार मला ड्यूटीवर नेहमी येतो.

तळोदेकर | बुधवार, दुपारी १२.४०

ताईंनी लिहिलेलं आमच्या पाड्यांपर्यंत पोहोचायला हवं. अक्राणीच्या वरच्या अंगाला माणसाला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागतं, तिथून पुढे गाडी. तिथे भगतावर राग काढून उपयोग नाही, तो जवळ असतो आणि रात्री दार उघडतो. आम्ही काही पाड्यांत भगतांशीच बोललो. तू तुझे मंत्र म्हण, पण गाडीत बसून म्हण. दोघांनी ते मानलं, आणि ते स्वतः पेशंटसोबत येतात.

उंदरांच्या विषयावर एक भर. परसातल्या झाडावर घुबड किंवा पिंगळा बसला तर त्याला हाकलू नका. एक गव्हाणी घुबड रात्रीतून काही उंदीर सहज उचलतं. आपल्याच शहाद्याजवळ १९९७ साली रानपिंगळा पुन्हा सापडला. शंभराहून अधिक वर्षं कुणाला दिसला नव्हता, जगाने तो नामशेष धरला होता. तो आपल्या सातपुड्यातला पक्षी आहे, आणि आपण अजून घुबड दिसलं की अपशकुन म्हणून दगड मारतो. वाईट वाटतं.

केळीमळा | बुधवार, रात्री ९.००

एक कागदाची गोष्ट, कुणावर वेळ न येवो. शेतकरी किंवा त्याच्या घरातला एक सदस्य, वय १० ते ७५, सर्पदंशाने गेला तर गोपीनाथ मुंडे योजनेतून कुटुंबाला २ लाख मिळतात. पण दवाखान्याचे किंवा शवविच्छेदनाचे कागद लागतात. आमच्या शिवारात एका घराने भगताकडूनच माणूस परत आणला आणि सकाळी अग्नी दिला. बाई दोन लेकरं घेऊन आजही कागद जमवत फिरते आहे.

सातपुड्याची_लेक | सोमवार, रात्री ८.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रविवारी परस आवरला, काय झालं ते लिहिते.

भाऊ, बाबा आणि शेजारचे तेच काका, तिघांनी गमबूट घालून सकाळी नऊला सुरुवात केली. पऱ्हाट्यांत घोणशीची कात मिळाली, पिल्लं नाहीत. गोवऱ्यांच्या बुडाला उंदरांची तीन घरटी. तुळयांखाली मात्र दोन लाल विंचू आणि एक काळसर साप, अंगावर पांढरे पट्टे. सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं, मण्यारच वाटली. कुणी हात लावला नाही. सर्पमित्रांना फोटो पाठवला, ते म्हणाले कवड्या, बिनविषारी. पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीला मानेजवळ पट्टे नसतात, पुढे बारीक जोडीजोडीने येतात आणि शेपटीकडे ठळक होतात. तरी ते येईपर्यंत आम्ही लांबच उभे राहिलो.

विंचवाचं परिचारिका ताईंना फोनवर विचारलं. त्या म्हणाल्या, लाल विंचू लहान मुलांच्या हृदयावर जातो, घाम फुटून हातपाय गार पडले तर एक मिनिट घालवायचं नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनची गोळी विंचूदंशावर चालते हे दाखवून दिलं तेव्हापासून यात पुष्कळ जीव वाचतात, पण ती डॉक्टरांनीच द्यायची.

पऱ्हाट्या आता खळ्याच्या पार टोकाला, विटांवर फळ्या टाकून उंच रचल्या आहेत. तुळया विकून टाकल्या, बाबांना जड गेलं, त्यांच्या आजोबांच्या हातच्या होत्या. खुराडं दोन फूट उचललं, सांडलेलं धान्य रोज संध्याकाळी झाडायचं काम मी घेतलंय. मोरीच्या तोंडाला बारीक जाळी बसवली. मागच्या दाराखाली बोटभर फट होती, तिथे रबराची पट्टी ठोकली.

आज आरोग्य केंद्रात जाऊन आले. प्रतिविष आहे, कुप्या डोळ्यांनी बघितल्या. व्हेंटिलेटरसाठी मात्र जळगाव. गाडीने किती वेळ लागतो ते भावाने येताना मोजलं, पन्नास मिनिटं. १०८, १९२६, सर्पमित्रांचा आणि गावातल्या दोन गाडीवाल्यांचा नंबर मागच्या दाराच्या आतल्या बाजूला गेरूने मोठ्या अक्षरात लिहिलाय. आजीला वाचता येत नाही, म्हणून मुलीने प्रत्येक नंबरापुढे चित्र काढलं आहे. १९२६ समोर तिने साप काढलाय, त्याला डोळे फार मोठे झालेत.

बाबा अजून म्हणतात, दिसली तर मारीन. पण काल कवड्या निघाला तेव्हा फावडं त्यांच्याच हातात होतं, आणि त्यांनी ते खाली ठेवलं.